प्रथमपुरुषी नेमबाजी आणि दोन अंगठे

(नभोवाणीवरील भाषण)

सारें आयुष्य प्राथमिक शाळेंत खडू झिजविलेल्या माणसानें व्हिडिओ गेमच्या कंट्रोलरविषयीं बोलावें, याचें आपणांस नवल वाटेल. मला या विषयाची वाट माझ्या नातवानें दाखविली. गेल्या दिवाळीच्या सुटींत तो आमच्याकडे राहावयास आला, तेव्हां टेलिव्हिजनला जोडावयाचें आपलें खेळाचें यंत्र, ज्याला कन्सोल म्हणतात तें, बरोबर घेऊन आला. दुसऱ्याच दिवशीं "आजोबा, एकटा खेळून कंटाळा आला, तुम्ही बसा ना," असें म्हणून त्यानें तो दोन मुठींचा कंट्रोलर माझ्या हातीं दिला.

पहिल्या पांच मिनिटांत माझी जी फजिती झाली ती सांगण्यासारखी आहे. मला पुढें जावयाचें होतें, तर मी भिंतीला नाक लावून उभा राहिलों. मला समोर पाहावयाचें होतें, तर नजर आकाशाला भिडली. ती खालीं आणावी, तों थेट पायांखालच्या जमिनीवर आली. "आजोबा, शत्रू समोर आहे, तुम्ही आकाशांत काय पाहतां?" असें म्हणून नातू पोट धरून हंसत होता. माझ्या उजव्या अंगठ्याचा सांधा अलीकडे धरतो, हें खरें. पण सगळा दोष त्याच्यावर ढकलणें प्रामाणिकपणाचें झालें नसतें. जें मला मुळींच साधत नाहीं तें या अकरा वर्षांच्या मुलाला इतकें सहज कसें साधतें? तें श्रेय त्याच्या अंगठ्यांचें, कीं हें साधन घडविणाऱ्यांचें? या प्रश्नाचा मीं पुढें महिना-दोन महिने पाठपुरावा केला. त्यांतून जें हातीं लागलें तें आज आपणांपुढें ठेवीत आहें.

एक गोष्ट आरंभींच सांगून टाकतों. बंदुकीचे खेळ मुलांनीं किती खेळावे, किंबहुना खेळावे कीं नाहीं, हा वाद महत्त्वाचा आहे. पण तो आजचा विषय नव्हे. आज आपण केवळ कारागिरीकडे पाहूं.

या खेळांना इंग्रजींत 'फर्स्ट पर्सन शूटर' म्हणतात. फर्स्ट पर्सन म्हणजे आपल्या व्याकरणांतला प्रथम पुरुष: 'तो धांवला' नव्हे, 'मी धांवलों'. खेळांतला नायक पडद्यावर दिसतच नाहीं. दिसलाच तर त्याचा हात आणि हातांतलें शस्त्र तेवढें दिसतें. त्याच्या डोळ्यांना जें दिसेल तेंच आपणांस दिसतें. म्हणजे आपणांस एका माणसाचें आंतून सारथ्य करावयाचें असतें.

हें सारथ्य वाटतें तितकें सोपें नाहीं. भाजी घेऊन घराकडे निघालेला माणूस चालतां चालतां मान वळवून ओळखीच्या माणसाला हांक मारतो. पाय एका दिशेला, नजर दुसऱ्या दिशेला. जिवंत शरीराला हें शिकवावें लागत नाहीं. पण यंत्राला मात्र प्रत्येक क्षणीं चार गोष्टी सांगाव्या लागतात: पुढें कीं मागें, डावीकडे सरकावयाचें कीं उजवीकडे, मान कोणत्या बाजूस वळवावयाची, आणि नजर वर कीं खालीं. शिवाय गोळी झाडणें, उडी मारणें, वांकणें, शस्त्र बदलणें, रिकाम्या बंदुकींत गोळ्या भरणें, हीं कामें निराळींच.

संगणकापुढें बसणाऱ्यानें हा प्रश्न टेबलाच्या आधारानें सोडविला. १९९३ सालच्या 'डूम' या गाजलेल्या खेळांत नजर वर-खालीं करण्याची गरजच नव्हती. १९९६ च्या 'क्वेक' मध्यें ती सोय आली, आणि डावा हात कीबोर्डावर चालण्यासाठीं, उजवा हात माउसवर पाहण्यासाठीं, अशी वांटणी हळूहळू रूढ झाली. माउस हलवितांना मनगट, कोपर आणि प्रसंगीं खांदाही कामाला येतो. म्हणजे नेम धरण्याच्या कामीं अख्खा हात राबतो.

दिवाणखान्यांत कोचावर बसणाऱ्याला टेबल नाहीं. त्याला साधन दोन्ही हातांनीं अधांतरीं धरावयाचें आणि त्याच हातांनीं चालवावयाचें असतें. आपण एकादें पुस्तक दोन्ही हातांत धरून पाहा. मधलें बोट, अनामिका आणि करंगळी वस्तु तोलून धरण्यांत गुंततात. मोकळे राहतात दोन अंगठे आणि दोन तर्जन्या. ज्या कामाला तेथें अख्खा हात लागतो, तें येथें एका अंगठ्याकडून करून घ्यावयाचें! कंट्रोलर घडविणाऱ्यांपुढचें कोडें हेंच आहे.

तें एका दिवसांत सुटलें नाहीं. जपानांतील निन्टेंडो कंपनीचे गुनपेई योकोई यांनीं १९८२ सालीं हातांत मावणाऱ्या एका खेळासाठीं अधिक चिन्हाच्या आकाराचें बटन योजिलें. तेंच १९८३ च्या 'फॅमिकॉम' कन्सोलच्या कंट्रोलरवर आलें. सपाट चित्रांत धांवणाऱ्या, उड्या मारणाऱ्या नायकाला तें पुरेसें होतें. पण अशा बटनाला 'हो' आणि 'नाहीं' एवढींच उत्तरें ठाऊक. 'थोडें' हा शब्द त्याच्या कोशांत नाहीं. किंचित् वळा, हळूच चाला, हें त्याला सांगतांच येत नाहीं.

'थोडें' म्हणतां येण्यासाठीं दांडी हवी. १९९६ सालीं 'निन्टेंडो ६४' या कन्सोलबरोबर तीन मुठींचा कंट्रोलर आला. त्याच्या मधल्या मुठीवर अंगठ्यानें कलती करावयाची छोटी दांडी होती, आणि पाठीमागें तर्जनीसाठीं बंदुकीच्या चापासारखें बटन. दांडी जितकी कलवावी तितकी गति. १९९७ सालीं इंग्लंडांतील रेअर कंपनीनें याच यंत्रासाठीं 'गोल्डनआय ००७' हा खेळ काढला, आणि घरच्या कोचावर बसूनही प्रथमपुरुषी नेमबाजी रंगूं शकते हें लोकांना पटलें. मात्र दांडी एकच; चालणें आणि वळणें दोन्ही तिच्याच माथीं. बारीक नेम धरावयाचा तर निराळें बटन दाबून ठेवावें लागे, आणि तेवढा वेळ पाय थांबत. गंमत म्हणजे एकाच माणसानें दोन हातांत दोन कंट्रोलर धरून खेळण्याची सोयही त्या खेळांत होती. दोन दांड्यांची गरज तेव्हांच जाणवूं लागली होती, हें त्यावरून दिसतें.

त्याच वर्षीं सोनी कंपनीनें आपल्या 'प्लेस्टेशन' कन्सोलसाठीं दोन दांड्यांचा कंट्रोलर आणला. डावी दांडी पायांना, उजवी डोळ्यांना, ही विभागणी आज मुलांना जन्मसिद्ध वाटते. परंतु २००० सालीं प्लेस्टेशनवरील 'एलियन रेझरेक्शन' या खेळांत ती आली, तेव्हां एका समीक्षकानें नेमकी तीच गोष्ट खेळाचा मोठा दोष म्हणून दाखविली. पुढच्याच वर्षीं, नोव्हेंबर २००१ मध्यें, मायक्रोसॉफ्टचा 'एक्सबॉक्स' कन्सोल आणि त्याबरोबर बंजी कंपनीचा 'हेलो' हा खेळ बाजारांत आला. त्यांतही तीच विभागणी होती; ती लोकांच्या अंगवळणीं पडली आणि पुढें सर्वमान्य झाली. एका वर्षांत माणसांचे अंगठे कांहीं बदलले नव्हते. मग एक खेळ हाताला अवघड आणि दुसरा सोपा कां वाटावा?

याचें थोडें उत्तर कंट्रोलरच्या घडणींत आहे. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरला तर्जन्यांखालीं दोन चांगले आंत दबणारे चाप होते. त्यामुळें गोळी झाडतांना अंगठ्याला उजवी दांडी सोडावी लागत नसे. नेमबाजींत हें फार महत्त्वाचें. जो अंगठा बटन दाबावयास गेला, त्यानें तेवढा वेळ नजर सोडली असें समजावें. म्हणूनच २०१५ सालीं निघालेल्या 'एक्सबॉक्स एलिट' या महागड्या कंट्रोलरच्या पाठीवर चार पात्या दिल्या आहेत. एरवीं केवळ धरण्याचें काम करणाऱ्या मधल्या बोटांना उडी मारण्याचें व गोळ्या भरण्याचें काम तेथें सोपवितां येतें. २०२० च्या 'प्लेस्टेशन ५' च्या कंट्रोलरांत तर खेळाच्या आज्ञेप्रमाणें चाप जड किंवा हलका होतो. पण घडण चुकतेही. एक्सबॉक्सचा तो पहिला कंट्रोलर इतका मोठा होता कीं जपानी खेळाडूंसाठीं लहान आकाराचा निराळा करावा लागला, आणि २००२ सालीं तोच लहान कंट्रोलर इतर देशांतही रूढ झाला. हात कोणाचा, हें पाहिल्याखेरीज साधन घडवूं नये, हा धडा त्यांत आहे.

तथापि उत्तराचा मोठा भाग कंट्रोलरच्या कवचांत नसून त्यामागच्या गणितांत आहे. तें समजण्यासाठीं माउस आणि दांडी यांतील भेद ध्यानीं घेतला पाहिजे. फळ्यावर खडू चार बोटें सरकविला कीं रेघ चार बोटें लांब होते, आणि हात थांबला कीं रेघ थांबते. माउसचें तसेंच आहे. दांडी म्हणजे पाण्याचा नळ. नळ किती फिरविला यावरून पाणी किती आलें तें ठरत नाहीं. तें किती वेगानें येत आहे एवढेंच ठरतें. तांब्या नेमका गळ्यापर्यंत भरावयाचा असेल, तर नळ वेळेवर बंद केला पाहिजे. क्षणभर उशीर झाला कीं सांडलें, क्षणभर घाई झाली कीं अपुरें राहिलें. उजव्या दांडीनें नेम धरणें म्हणजे धांवतां धांवतां नळाखालीं तांब्या भरणें होय. माझी नजर आकाशाला कां भिडली, तें आतां आपल्या ध्यानांत आलें असेल.

आतां कारागीर काय करतो तें पाहा. दांडी सोडून दिली कीं आंतली स्प्रिंग तिला मध्याशीं आणते, पण अगदीं नेमकी मध्याशीं नव्हे. तो बारीक फरक यंत्रानें खरा मानला, तर हात न लावतां नजर आपोआप सरकूं लागेल. म्हणून मध्याभोंवतीं एक लहान वर्तुळ कल्पितात आणि त्याच्या आंतील हालचाल हिशेबांत धरीत नाहींत. याला 'डेड झोन' म्हणतात. आपण त्याला मुकें वर्तुळ म्हणूं. दांडीचा आडवा कल आणि उभा कल हीं दोन मापें स्वतंत्रपणें तपासलीं, तर हा मुका भाग वर्तुळाकार न राहतां अधिक चिन्हासारखा होतो, आणि थोडी तिरपी नेलेली नजर आडव्या रेघेला चिकटून बसते. म्हणून जाणता कारागीर दोन्ही मापांचे वर्ग करून बेरजेचें वर्गमूळ काढतो. तेंच दांडीचें मध्यापासूनचें अंतर. 'पायथागोरसच्या प्रमेयाचा उपयोग काय?' असें विचारणाऱ्या मुलांना हें उदाहरण खुशाल द्यावें.

एक छोटें गणित करूं. आंकडे केवळ उदाहरणापुरते आहेत. प्रत्येक खेळाचे निराळे असतात. दांडीचा पूर्ण कल १ माना आणि मुकें वर्तुळ ०.२ चें धरा. दांडी ०.६ पर्यंत कलविली. त्यांतून ०.२ गेले, उरले ०.४, उपयोगाचा एकंदर पल्ला ०.८, म्हणून कल झाला निम्मा, ०.५. आतां निम्म्या कलाला निम्मा वेग द्यावा काय? नाहीं. त्या ०.५ चा वर्ग करतात, म्हणजे ०.२५. पूर्ण वेग सेकंदाला १८० अंशांचा असेल, तर निम्म्या कलाला ४५ अंश मिळतात, आणि पाव कलाला अवघे सव्वाअकरा. मध्याजवळ नळ अगदीं बारीक धारेनें सुटावा आणि टोकाशीं मात्र धो धो वाहावा, अशी ही योजना. एकाच दांडींत घड्याळजीचा नाजूकपणा आणि धांवत्या माणसाची चपळाई दोन्ही बसविण्याची ही युक्ति आहे.

येथें एक दुखणें सांगितलें पाहिजे. पुष्कळ कंट्रोलरांत दांडीचा कल मोजण्यासाठीं घांसत फिरणारा एक स्पर्शक असतो. वर्षानुवर्षें घांसून तेथील पट्टी झिजते आणि दांडी सोडली असतांही यंत्राला ती कललेली वाटते. नजर आपोआप एका बाजूस वाहूं लागते. नातवाचा आधींचा कंट्रोलर असाच वाया गेला. मुकें वर्तुळ मोठें करून हें दुखणें झांकतां येतें, पण मग नाजूकपणा जातो. दुसरा उपाय म्हणजे घांसणें टाळून लोहचुंबकाच्या साहाय्यानें कल मोजणें. अमेरिकन शास्त्रज्ञ एडविन हॉल यांनीं १८७९ सालीं शोधलेल्या गुणधर्मावर ही रीत आधारलेली आहे. सेगा कंपनीनें १९९८ सालच्या 'ड्रीमकास्ट' कन्सोलच्या कंट्रोलरांत ती वापरली होती. चांगली युक्ति सांपडली म्हणजे ती सर्वत्र रूढ होतेच असें नाहीं, एवढें यावरून कळतें.

इतकें करूनही अंगठा तो अंगठाच. म्हणून शेवटची आणि सर्वांत नाजूक गोष्ट केली जाते, ती म्हणजे मदत. नेमाचें चिन्ह शत्रूच्या जवळ आलें कीं यंत्र नजरेचा वेग आपण होऊन कमी करतें, म्हणजे तांब्या भरत आला कीं कोणी हळूच नळ आवळावा तसें. शत्रू बाजूस सरकला तर नजरही त्याच्यामागें किंचित् ओढली जाते. आणि कांहीं खेळांत नेम केसभर चुकला असला तरी गोळी लागली असें धरलें जातें. 'हेलो' सुखद वाटला यांत अशा मदतीचा वांटा मोठा होता. आणि हें सगळें असें बेतानें करावयाचें कीं खेळणाऱ्याला तें जाणवूं नये.

हें मीं नातवाला सांगितलें, तेव्हां त्याचा चेहरा पडला. "म्हणजे आजोबा, मी जिंकत होतों तें खरें नव्हतेंच?" त्यानें विचारलें. श्रोतेहो, मला त्या वेळीं उत्तर सुचलें नाहीं. ज्या कौशल्याचा मुलाला अभिमान आहे, त्यांत यंत्राचा गुपचूप हात आहे असें सांगून मीं त्याचा आनंद हिरावून घेतला कीं काय, या विचारानें रात्रीं झोंप लागेना.

दुसऱ्या दिवशीं कपाटांतून एक जुनी दुरेघी वही काढून मीं त्याच्यापुढें ठेविली. "तूं पहिलींत होतास तेव्हां अशाच वहींत अक्षर गिरवीत होतास. अक्षर रेघेंत बसलें तें रेघांमुळें कीं तुझ्यामुळें?" तो म्हणाला, "दोघांमुळें. पण रेघा कांहीं लिहीत नाहींत." मीं म्हणालों, "तेंच तर. रेघा असूनही ज्याला लिहितां येत नाहीं त्याचा कागद कोराच राहतो. काल मलाही तीच मदत मिळत होती ना? मग मी भिंतीलाच कां चिकटलों होतों?" तेव्हां तो हंसला.

पण त्याच्या प्रश्नांत एक खरी गोष्ट होती, ती मीं विसरलों नाहीं. रेघा सर्वांच्या वहींत सारख्या असतील तोंवर तक्रार नाहीं. आज मात्र पुष्कळ खेळांत माउस घेतलेला आणि कंट्रोलर घेतलेला असे दोघे एकाच रिंगणांत उतरतात. एकाजवळ कोरा कागद आणि मोकळा हात, दुसऱ्याजवळ दुरेघी वही आणि एकटा अंगठा. मदत थोडी कमी पडली तर अंगठेवाला म्हणतो माझ्यावर अन्याय झाला. थोडी अधिक झाली तर माउसवाला म्हणतो यंत्रच माझ्याविरुद्ध खेळतें. हा वाद अद्यापि मिटलेला नाहीं आणि केवळ गणितानें तो मिटेल असें मला वाटत नाहीं. वर्गांत कोणाला किती हात द्यावा, हा प्रश्न मला शेवटच्या दिवसापर्यंत सुटला नव्हता. एक नियम मात्र मी पाळीत असें. मदत द्यावी, पण ती लपवूं नये. खेळ करणाऱ्यांनींही मदत किती आहे तें सांगावें, आणि ज्याला नको असेल त्याला ती बंद करतां यावी. पुष्कळ खेळांत आतां अशी सोय असते, ही समाधानाची गोष्ट आहे.

या विचाराची पुढची पायरी मला २०१८ सालीं निघालेल्या एका साधनांत दिसली. मायक्रोसॉफ्टच्या 'एक्सबॉक्स ॲडॅप्टिव्ह कंट्रोलर' वर दोन मोठीं वाटोळीं बटनें आहेत आणि पाठीमागें बाहेरचीं बटनें, दांड्या, पायानें दाबावयाचे खटके जोडण्यासाठीं एकोणीस छिद्रांची ओळ आहे. ज्याचीं बोटें वळत नाहींत त्यानें कोपरानें खेळावें. ज्याचे हात उचलत नाहींत त्यानें पायानें खेळावें. येथें माणसानें साधनाला शरण जावयाचें नाहीं. साधनानेंच माणसाकडे यावयाचें. हें पाहिल्यावर मला आपल्या दुखऱ्या अंगठ्याची लाज वाटेनाशी झाली.

सुटी संपण्यापूर्वीं नातवानें माझ्यासाठीं खेळाची मांडणी बदलली. दांडीचा वेग कमी केला, मुकें वर्तुळ थोडें वाढविलें आणि मदत पुरती चालू ठेविली. "आजोबा, ही तुमची दुरेघी," असें तो म्हणाला. त्या दिवशीं मी भिंतीला चिकटलों नाहीं. नेम एकदांच लागला. पण घरांत जो जल्लोष झाला तो ऐकून स्वयंपाकघरांतून आमची मंडळी काय झालें म्हणून पाहावयास आली.

श्रोतेहो, आपल्या घरींही एकादें मूल असा कंट्रोलर घेऊन तासन् तास बसत असेल. त्याला रागें भरावयाचें असेल तर अवश्य भरा. पण त्यापूर्वीं एकदां त्याच्या शेजारीं बसून तें साधन आपल्या हातीं घेऊन पाहा. मूल काय करतें आणि यंत्र काय करतें, हें त्याला विचारा. उत्तर देतां देतां तें स्वतःही विचार करूं लागेल.